साडेतीन वर्षांची मुलगी बॅलन्स बाइकवर नुसती चालते, पाय वर घेतच नाही: आधी सीट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मुलगी साडेतीन वर्षांची, बॅलन्स बाइक (पॅडल नसलेली, जमिनीवर पाय मारत पुढे न्यायची छोटी सायकल) आणून दोन महिने झाले, पण ती सायकल दोन पायांत धरून नुसती चालते, सीटवर नीट बसत नाही, पाय वर घेणं तर लांबच, आणि आता तिचे आजोबा म्हणतायत की हे खूळ सोडा, साइडची चाकं लावलेली पॅडलवाली सायकल आणा, पोरगी दोन दिवसांत फिरायला लागेल. मग आजोबांचं ऐकायचं का?

आजोबा म्हणतायत ते खोटं नाही, दोन दिवसांत ती खरंच फिरेल. फक्त ते फिरणं सायकल चालवणं नसेल, आणि साइडची चाकं काढायच्या दिवशी तुम्ही आज आहात तिथेच परत येऊन उभे राहाल, फरक इतकाच की तेव्हा मुलगी मोठी झालेली असेल, सायकल जड असेल आणि पडायची भीती जास्त असेल. मी लहान मुलांच्या सायकलच्या बॅचेस घेते, नऊ वर्षं होतील आता, आणि सगळ्यात जास्त वेळ ज्यांच्यावर जातो ती हीच मुलं, सहा-सात वर्षांची, साइडच्या चाकांवर दोन-तीन वर्षं काढलेली. नवी कोरी, काहीच न शिकलेली मुलं त्यांच्यापेक्षा सोपी जातात.

पण तुमचा खरा प्रश्न कुठली सायकल हा नाहीच असं मला वाटतं. 'बसत नाही' हे जे तुम्ही जाता जाता लिहिलंय ना, सगळा घोळ तिथे आहे. जोवर मुलीचं वजन सीटवर नाही तोवर ती सायकल चालवतच नाहीये, ती सायकल सोबत घेऊन चालतेय. तोल पायांवर आहे, सायकलवर नाही. असे दोन महिने काय, दोन वर्षं काढली तरी पाय वर येणार नाहीत, कारण सगळा भार पायांवर असताना पाय उचलायचे कसे? आपणही नाही उचलू शकत.

मग बसत का नाही? दहातल्या सात-आठ वेळा मला दिसतं ते कारण म्हणजे सीट उंच आहे. दुकानातून आली तशीच राहते, किंवा घरचे 'पुढे वाढेल ना' म्हणून वर ठेवतात. टाचा टेकत नाहीत, मूल चवड्यांवर, मग बसायची भीती, मग उभ्यानेच चालणं. कधी कधी उलटंही असतं, सीट इतकी खाली की गुडघे पोटाशी येतात आणि पाय मागे ढकलताच येत नाही, पण ते कमी. म्हणून आधी मोजा. मुलीला रोजचे बूट घालून भिंतीला पाठ लावून उभी करा, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मधे, कणा वरच्या बाजूला, सीटसारखं अलगद वर टेकवा आणि त्या उंचीला भिंतीवर पेन्सिलने खूण करा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंत जे माप येईल त्यापेक्षा सीटचा वरचा भाग दोन ते तीन सेंटिमीटर खाली हवा. बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकलेले आणि गुडघ्यात किंचित वाक, हे दिसलं की झालं. सीट एकदम खाली करूनही उंचच पडत असेल तर सायकलच मोठी आहे, तिथे मुलीचा काही दोष नाही. आणि वर करायची वेळ येईल तेव्हा सीटच्या नळीवर एक कमाल मर्यादेची रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये.

एक पोरगा आठवतो, चार वर्षांचा, आईने सांगितलं सहा महिने झाले, हा नुसता चालतो, याला जमणारच नाही. मी काही न बोलता ॲलन कीने सीट दोन बोटं खाली घेतली, फक्त तेवढंच. तो बसला, खाली बघितलं, दोन्ही टाचा जमिनीवर दोन-तीनदा आपटून बघितल्या, जशी आपण नवी खुर्ची हलवून बघतो तशा, आणि मग चालायला लागला, बसून. त्याच दिवशी पाय उचलले असं नाही हं, त्याला अजून नऊ-दहा दिवस लागले, पण बुटांचा आवाज त्याच दिवशी बदलला. उभ्याने चालणारं मूल टप टप वाजतं, बसून ढकलणाऱ्याचा आवाज लांब येतो, खर्रर्र, थांबा, खर्रर्र. मी पाठ करून उभी असले तरी मला कळतं कोण बसलंय.

दुसरं कारण वजन. साधारण आडाखा असा की सायकल मुलाच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या वर नको. तुमची मुलगी समजा चौदा किलोची असेल तर चार किलोच्या आसपासची सायकल ठीक, तीन-साडेतीनची असेल तर छानच. वजन सांगितलं नाहीये तुम्ही, तर आधी आपण हातात सायकल घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग सायकलीशिवाय, आणि फरक बघायचा. सहा किलोची निघाली तर मुलगी का वैतागते ते कळेल. आपल्या वजनाच्या तीस टक्के म्हणजे वीस किलोच्या पुढची वस्तू दोन पायांत धरून आपण किती वेळ हिंडू?

तिसरं कारण, राग मानू नका, आपण स्वतः. तुम्ही लिहिलंय की पडू नये म्हणून हँडल धरून सोबत चालता. ते आजपासून बंद. मी हे अधिकाराने सांगतेय कारण माझ्या स्वतःच्या मुलाच्या वेळी मी नेमकं हेच केलं, कमरेत वाकून, एक हात हँडलला एक सीटला, दीड महिना पाठ दुखवून घेतली, आणि पोरगा शिकला काय तर आईच्या हातावर रेलायला. हात काढला की तो ज्या बाजूला माझा हात असायचा त्याच बाजूला पडायचा, दर वेळी.

असं का होतं ते समजलं की बाकी सगळं आपोआप समजतं. दोन चाकांवर तोल म्हणजे सरळ ताठ बसणं नाही. सायकल सतत कुठे ना कुठे पडत असते, आणि ज्या बाजूला पडतेय त्या बाजूला हँडल किंचित वळवलं की चाकं पुन्हा आपल्या वजनाखाली येतात. डावीकडे कललो, थोडं डावीकडे वळवलं, सावरलं, परत उजवीकडे. मोठ्यांच्या अंगात हे इतकं मुरलेलं असतं की आपल्याला कळतही नाही. हे बोलून शिकवता येत नाही, हे हातांनी स्वतःच शोधायचं असतं, आणि त्यासाठी दोन गोष्टी लागतात, सायकलला कलायची मोकळीक आणि थोडासा वेग. आपण हँडल धरलं की पहिली गेली, हळूहळू चालवत नेलं की दुसरी गेली. वेग कमी तेवढं हँडल जास्त आणि पटापट वळवावं लागतं, म्हणजे आपण 'सावकाश, सावकाश' म्हणत मुलाचं काम अवघड करत असतो. गंमत आहे ना.

आता साइडच्या चाकांचं बघा. त्यात सायकल कलूच शकत नाही, ती तीनचाकी झाली. वळताना मूल आतल्या बाजूला झुकायच्या ऐवजी बाहेर फेकलं जातं आणि बाहेरच्या छोट्या चाकावर रेलायला शिकतं, म्हणजे नुसतं शिकायचं राहत नाही तर उलटं शिकून बसतं, जे नंतर विसरवावं लागतं. शिवाय खड्डा किंवा खोलगट जागा आली की दोन छोटी चाकं कडेला टेकतात आणि मागचं मोठं चाक मधे अधांतरी, मूल जीव तोडून पॅडल मारतंय आणि सायकल जागेवर. हे बऱ्याच जणांनी बघितलं असेल. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी लोकांना विचारून काढलेल्या आकड्यांत बॅलन्स बाइकवरून आलेली मुलं सरासरी चौथ्या वर्षाच्या आसपास स्वतंत्र सायकल चालवायला लागलेली दिसली आणि साइडच्या चाकांवरून आलेली सहाव्याच्या आसपास. यात माझी एक शंका आहे, बॅलन्स बाइक आणणारं घर बहुतेक आधीच सायकलवेडं असतं, त्यामुळे सगळं श्रेय त्या सायकलला देणं मला पटत नाही. पण दिशा तीच जी मला मैदानावर दिसते.

आणि हे काही नवीन फॅड वगैरे नाहीये, आजोबांना हे जरूर सांगा. कार्ल फॉन ड्राइस या जर्मन माणसाने १८१७ साली मानहाइममध्ये जी पहिली दुचाकी चालवली तिला पॅडल नव्हतेच, लाकडी, वीस-बावीस किलोची, आणि मोठी माणसं जमिनीवर पाय मारत ती पळवायची. पुढच्या चाकाला पॅडल आले ते १८६० च्या दशकात, फ्रान्समध्ये. म्हणजे माणसाने आधी तोल शिकला आणि चाळीस-पन्नास वर्षांनी पॅडल. आजोबा स्वतः कदाचित मोठ्या माणसाच्या सायकलवर एक पाय पॅडलवर ठेवून दुसऱ्याने ढकलत ढकलतच शिकले असतील, विचारून बघा. तेही हेच होतं.

बरं, आता करायचं काय. सीट खाली केलीत, हात मागे घेतलात, पुढे जागा बघा. सपाट, गुळगुळीत, गाड्या नसलेली. पालक हिरवळ शोधतात, पडलं तर लागू नये म्हणून, पण गवतावर चाक फिरत नाही, वेग मिळत नाही, मूल थकतं. सिमेंटचं कोर्ट किंवा फरशीचं आवार चांगलं. आणि उतार असा हवा की आपल्याला चालताना जाणवूही नये, खाली पुन्हा लांब सपाट जागा असलेला. हे मी चूक करून शिकलेय. पहिल्या वर्षी एका मुलीला जरा जास्तच उतारावर नेलं, तिने पाय उचलले, सुंदर उचलले, आणि खालच्या कुंपणाच्या झुडपात गेली. खरचटलंही नाही फारसं, पण पुढचे तीन आठवडे तिने सायकलकडे बघितलं नाही. तेव्हापासून माझा नियम, उतार नंतर, थांबणं आधी. पाय घासून थांबता येतंय का, मी हात वर केला की थांबते का, हा खेळ पाच-सहा दिवस खेळून झाल्याशिवाय उतार नाही.

पाय उचलायला शिकवायची माझी आवडती युक्ती बेडकाची. दोन्ही पाय एकदम मागे ढकलायचे, बेडूक उडी मारतो तसे, एक-दोन-तीन-डराव. डावा-उजवा असं आलटून पालटून ढकलताना एक पाय कायम जमिनीवर असतो, पण दोन्ही एकदम ढकलले की क्षणभर का होईना दोन्ही हवेत असतात आणि मुलाला कळायच्या आत तोलाचा पहिला अर्धा सेकंद मिळून गेलेला असतो. 'पाय वर घे, पाय वर घे' असं मी कधीच म्हणत नाही, त्याने मूल पायाकडे बघतं, आणि मान खाली गेली की सायकल गेली. त्याऐवजी मी आठ-दहा पावलं पुढे उभी राहते आणि विचारते माझी किती बोटं वर आहेत. बोटं मोजायला मान वर येते, नजर लांब जाते, आणि बेडूक उडी सुरूच असते. मग एका उडीत किती फरशा ओलांडल्या ते मोजायचं. मुलांना मोजायला फार आवडतं, कालच्या तीन आज चार झाल्या की घरी फोन करून सांगायचं असतं.

किती दिवस लागतील हे मला सांगता येणार नाही, खरंच मुलावर असतं. काही दोन दिवसांत सुटतात, काही तीन महिने घेतात आणि मग एका सकाळी असं जातात की जणू कायम चालवत होते. तुमचे दोन महिने म्हणजे नक्की किती तेही बघा, आठवड्यातून एकदा रविवारी दहा मिनिटं असतील तर ते सगळे मिळून दीड तासही होत नाहीत. रोज दहा-पंधरा मिनिटं हे रविवारच्या एका तासापेक्षा कितीतरी बरं, आणि मूल म्हणालं 'बास' की बास, त्यावर अजून एकदा नाही. स्वभावही असतो, काही मुलं सगळं आधी डोक्यात करून बघतात आणि मग पाय उचलतात, ती उशिरा सुटतात पण पडत कमी. एक मात्र सांगते, इतर वेळीही चालताना, जिना चढताना, उडी मारताना मुलगी वयाच्या मानाने फारच अडखळत असेल तर सायकल बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. आणि ज्या मुलांना तोलाची काही शारीरिक अडचण आहे त्यांच्यासाठी साइडची चाकं किंवा तीनचाकी हा उत्तम मार्ग असू शकतो, तिथे माझं वरचं सगळं भाषण लागू नाही.

हेल्मेटबद्दल पटकन. भुवईच्या वर दोन बोटं, मागे कलंडलेलं नको, पट्ट्यांचा व्ही कानाखाली, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकी सैल. आणि सायकल सोडून घसरगुंडीवर, जाळीवर पळाली की हेल्मेट आधी काढा, तिथे त्याचा पट्टा अडकून गळा आवळू शकतो, हे लोकांना माहीतच नसतं. बूट पुढून बंद, सँडल नको, आणि बुटांचे पुढचे भाग महिन्यात झिजणार, जुने वापरा.

पॅडल कधी? माझी कसोटी अशी की पाय वर घेऊन दहा-बारा मीटर जाते, त्यातच एक वळण घेते आणि थांबा म्हटलं की थांबते. त्याआधी घाई नको, त्यानंतर उशीर नको. तेव्हा साधारण चौदा किंवा सोळा इंची चाकांची, हलकी, आणि सीट पुन्हा पूर्ण पाय टेकतील इतकी खाली. पॅडल मारायला शिकणं त्या मुलांना फार सोपं जातं, कितीतरी जणांना एक दुपार पुरते, अवघड जातं ते सुरू करणं आणि थांबणं. सुरू करताना एक पॅडल वर आणि थोडं पुढे, घड्याळात दोन वाजता काटा असतो तिथे, त्यावर पाय ठेवून जोरात दाबायचं. थांबताना ही मुलं सवयीने पाय खाली टाकतात, पण आता वेग जास्त असतो आणि मधे पॅडल येतात, पोटरीला बसतात, म्हणून हाताचा ब्रेक आधीच, सायकल हातात धरून चालताना दाबून दाबून शिकवून ठेवा. तिच्या बोटांना तो लिव्हर पोचतो का, दाबला जातो का तेही बघा, बरेचदा इतका कडक असतो की आपल्यालाच जोर लावावा लागतो. धरायचंच असेल तर मुलीला धरा, काखेखाली किंवा पाठीवर नुसता हात, सायकलला नाही.

आणि समजा आजोबांनी ती साइडच्या चाकांची सायकल आणलीच, तर भांडू नका. साइडची चाकं काढा, दोन्ही पॅडल काढा, सीट खाली घ्या, झाली तुमची मोठी बॅलन्स बाइक. पॅडलला बहुतेक पंधरा नंबरचा पाना लागतो. उजवं पॅडल नेहमीसारखं उलट फिरवून सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं, हे माहीत नसल्याने लोक जोर लावून आणखी घट्ट करतात आणि मग आटेच जातात. परत लावताना आट्यांना जरा ग्रीस, पहिले दोन-तीन फेरे हातानेच, आणि पॅडलवर एल आणि आर लिहिलेलं असतं ते बघून. फक्त सीट खाली करून मुलीचे पाय टेकतायत का ते बघा, चौदा इंची सायकल साडेतीन वर्षांच्या काहींना पुरते, काहींना नाही, आणि ती आत्ताच्यापेक्षा बरीच जड असेलच.

तूर्तास नवीन काहीच घेऊ नका. आज संध्याकाळी पुस्तक आणि पेन्सिलवालं माप, सीट खाली, आणि पुढचे दहा दिवस रोज थोडा वेळ, तुम्ही पुढे उभे राहून, मागे नाही. दहा दिवसांनी बाजूने एक व्हिडिओ काढा, समोरून नको, बाजूने काढला की गुडघे आणि टाचा दिसतात, आणि तेव्हाही उभ्यानेच चालत असेल तर सीटची उंची आणि सायकलचं वजन दोन्ही इथे लिहा, मग बघू.